स्वस्तातले पेव्हर ब्लॉक घेताना



दिवाळी झाली की गावात बांधकामाचे दिवस सुरू होतात. पाऊस गेलेला असतो, रानातली घाई जरा कमी झालेली असते, आणि कुणाच्या ना कुणाच्या दारात पेव्हर ब्लॉकचा ट्रॅक्टर उभा दिसतो. देवळापुढं ब्लॉक, शाळेपुढं ब्लॉक, अंगणवाडीपुढं ब्लॉक. गेल्या दोन महिन्यांत आमच्या ग्रामसंघातल्या तीन गटांनी आम्हाला एकच प्रश्न विचारला, ‘ताई, ब्लॉकवाला सूट देतोय, घेऊन टाकू का?’ म्हणून आज त्याबद्दलच बोलू.

एका गटाचंच सांगतो. बाया मसाला आणि पापड करतात. शेडपुढं ६०० चौरस फूट मोकळी जागा आहे. आमच्या पाटणकडं पाऊस लागला की त्या जागेत घोटाभर चिखल होतो, आणि उन्हाळ्यात वाळवण घातलं की वाऱ्यानं धूळ उडते. गटानं ग्रामसंघाकडून समुदाय गुंतवणूक निधीतलं कर्ज घ्यायचं ठरवलं. म्हणजे पैसा फुकटचा नाही, दर महिन्याला हप्ता जाणार. एका विक्रेत्यानं ३४ रुपये चौरस फूट दर सांगितला, दुसऱ्यानं ४२. फुटामागं आठ रुपये, म्हणजे ४,८०० रुपयांचा फरक. तेवढ्यात पाकिटं सील करायचं मशीन येतं, असं बायांच्या मनात लगेच आलं. येणारच.

आम्ही म्हटलं, आधी फोन लावा आणि एवढंच विचारा, ‘दादा, हा दर जागेवरचा का पोच?’

उत्तर आलं, ‘ताई, जागेवरचा.’ म्हणजे टेम्पो आपला, २,२०० रुपये. उतरवायची हमाली आपली, ८०० रुपये. आणि पक्कं बिल पाहिजे असेल तर १८ टक्के जीएसटी वेगळा, तो झाला ३,६७२ रुपये. २०,४०० रुपयांचा माल शेडपुढं पडेपर्यंत २७,०७२ रुपयांना गेला. दुसऱ्याचा ४२ रुपयांचा दर कर, भाडं, हमाली सगळं धरून होता, २५,२०० रुपये. त्यातून पहिल्याचा ब्लॉक ५० मिलिमीटर जाडीचा आणि दुसऱ्याचा ६० चा. दोन्हींची तुलना करायचीच कशी?

पहिला दादा पुढं म्हणाला, ‘बिल नको असेल तर कराचे पैसे सोडून देऊ.’ तसा हिशेब केला तर तो खरोखर स्वस्त पडतो, हे लपवून उपयोग नाही. पण बिल नसेल तर गटाच्या लेखापरीक्षणात खर्च कशाच्या आधारावर दाखवायचा? आणि ब्लॉक फुटले तर आपण त्याच्याकडूनच घेतले, हे सिद्ध कशानं करायचं? बिलावरचा जीएसटी नंबर १५ अंकी-अक्षरी असतो, महाराष्ट्रातल्या दुकानाचा असेल तर तो २७ नं सुरू होतो. जीएसटीच्या संकेतस्थळावर तो टाकला की कुणाच्या नावावर आहे ते दिसतं. गटातल्या एखादीच्या कॉलेजात जाणाऱ्या मुलीला सांगा, दोन मिनिटांचं काम आहे.

आता मालाकडं येऊ. विक्रेते ‘एम-३०’, ‘एम-३५’ असे शब्द वापरतात. त्याचा अर्थ सोपा आहे. एम-३० म्हणजे तयार झाल्यावर २८ दिवसांनी अंगठ्याच्या नखाएवढ्या, म्हणजे एक चौरस सेंटीमीटर जागेवर सुमारे ३०० किलोचा दाब सोसेल असा ब्लॉक. या ब्लॉकसाठी भारतीय मानक आहे, आयएस १५६५८. ढोबळ हिशेब असा की नुसतं माणसांनी चालायचं असेल तर ५० मिलिमीटर आणि एम-३०, दुचाकी किंवा छोटी गाडी येणार असेल तर ६० आणि एम-३५, भरलेली ट्रॉली वळणार असेल तर ८० आणि एम-४०. आपल्या दारात काय येतं ते आपल्यालाच माहीत असतं. त्या गटाच्या शेडला मिरचीची पोती घेऊन टेम्पो लागतो, म्हणून ५० चा ब्लॉक तिथं कितीही स्वस्त असला तरी कामाचा नव्हता.

२८ दिवस हा आकडा मात्र पक्का लक्षात ठेवा, कारण सूट बऱ्याचदा इथूनच निघते. सिमेंटला पाणी मिळत राहिलं तरच ताकद येते. घराचा स्लॅब टाकल्यावर आपणच घागरी नेऊन पाणी मारतो की नाही? तसंच हे. ज्याला जागा कमी, पाणी कमी आणि पैशाची घाई, तो चार दिवसांचा ब्लॉक गाडीत भरतो. दिसायला तो अगदी तसाच दिसतो.

म्हणून कारखान्यावर स्वतः जावं. एकटीनं नको, तिघी-चौघींनी. चट्ट्यावर तारीख लिहिली आहे का, ओलं बारदान टाकलंय का, पाणी मारायचा पाइप कुठं दिसतो का, ते बघावं. ‘हा माल कधीचा?’ हा प्रश्न मालकाला विचारावा आणि जरा लांब जाऊन तिथल्या कामगार ताईलाही विचारावा. दोन उत्तरं जुळली की बरं वाटतं.

जाताना पिशवीत मोजपट्टी, एक खिळा आणि किराणा दुकानातला छोटा तराजू न्यावा. लोक हसतील, हसू द्या. वरचा मांडून ठेवलेला नमुना घेऊ नका, चट्ट्याच्या मधले आठ-दहा ब्लॉक काढायला लावा. जाडी मोजा, दोन-तीन मिलिमीटर इकडंतिकडं चालतं, त्याहून जास्त नाही. मग दोन ब्लॉक एकमेकांवर आपटा. खणखणीत वाजला तर ठीक, बद्द आवाज आला तर आतून कच्चा किंवा चिरलेला. खिळ्यानं खालच्या बाजूला ओरखडा काढा, भुकटी पडली तर सिमेंट कमी आणि कच जास्त. वरचा रंगीत थर कडेनं बघा. काही ठिकाणी तो नुसता रंग फासल्यासारखा असतो, दोन पावसांत उडतो.

वजनाचा हिशेब आम्हाला सगळ्यात आवडतो, कारण त्यात कुणाच्या बोलण्यावर जावं लागत नाही. विटेसारखा सरळ ब्लॉक २०० बाय १०० मिलिमीटरचा असतो. ६० जाडीचा असेल तर चांगल्या मालाचं वजन साधारण २ किलो ६०० ते २ किलो ९०० ग्रॅम भरतं. सव्वादोन किलो भरला तर एक तर जाडी मारली आहे किंवा आतून पोकळ आहे. दोन ब्लॉक घरी आणा, उन्हात खडखडीत वाळवून वजन करा, मग पूर्ण दिवस-रात्र बादलीत बुडवून, पुसून परत वजन करा. मानकात सरासरी ६ टक्क्यांपेक्षा जास्त पाणी शोषू नये असं आहे. २ किलो ७०० ग्रॅमच्या ब्लॉकला १६० ग्रॅमच्या आसपास. घरचा हा प्रयोग प्रयोगशाळेसारखा नेमका नसतो, पण वजन ३०० ग्रॅमनं वाढलं तर पुढं बोलायलाच नको.

एक गोष्ट उलटीही सांगायला हवी. ब्लॉकवर पांढरा लोणा आला की बाया घाबरतात आणि माल परत पाठवायला निघतात. तो नुसता क्षार असतो, बहुतेक वेळा पावसात धुऊन जातो. आणि उलट, रबरी साच्यातला आरशासारखा चकचकीत ब्लॉक सगळ्यांना आवडतो, पण तो नळापाशी किंवा सासूबाईंच्या न्हाणीपुढं लावाल तर ओला झाल्यावर पाय घसरतो.

मग सूट खरी कधीच नसते का? असते की. पावसाळ्यात कामं थंडावतात तेव्हा दर उतरतो. मोठ्या कामातून उरलेला माल स्वस्तात मिळतो, आणि तो आम्ही आनंदानं घ्यायला सांगतो. वर्षभर पडून राहिलेला ब्लॉक कमजोर होत नाही, उलट पक्का झालेला असतो. फक्त सगळ्याची जाडी सारखी आहे ना आणि कडा फुटलेल्या नाहीत ना, ते बघायचं. रंगछटा वेगवेगळ्या निघाल्या तर निघाल्या, शेडपुढं कोण बघतंय? लालऐवजी साधा राखाडी घेतला तरी पैसे वाचतात. आणि दोन गटांनी मिळून एकच गाडी भरून मागवली तर भाड्याचा भार अर्धा होतो.

विक्रेता पारखायचा तर त्याच्या कागदापेक्षा त्याचं जुनं काम बघावं. ‘दोन पावसाळे झालेलं तुमचं काम कुठं आहे?’ असं विचारायचं. तिथं जाऊन जिथं नळ गळतो आणि जिथं गाडी वळते, ते दोन कोपरे बघायचे. ब्लॉक फुटले असतील तर माल वाईट. ब्लॉक अख्खे आहेत पण खाली दबलेत, तर दोष बहुतेक बसवणाऱ्याचा. मुरूम नीट ठोकला नाही, पाण्याला उतार दिला नाही किंवा कडेला पक्की बॉर्डर केली नाही. हा फरक आधीच कळलेला बरा, नाहीतर विक्रेता गवंड्याकडं बोट दाखवतो आणि गवंडी विक्रेत्याकडं. आयएसआयचा शिक्का आहे म्हणाला, तर शिक्क्याचा सीएम/एल नंबर मागा आणि ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासा.

‘आजच ॲडव्हान्स दिला तरच हा दर’ असं कुणी म्हटलं, तर त्याला गटाची बैठक कोणत्या वारी असते ते सांगायचं. ठराव झाल्याशिवाय पैसा हलत नाही, हे कारण आपल्याकडं कायम तयार असतं, ते वापरा. किमान तीन दरपत्रकं घ्या आणि प्रत्येकावर जाडी, ग्रेड, नग, पोच की जागेवर, कर धरून की वेगळा, हे लिहून मागा. सरळ ब्लॉक चौरस मीटरला ५० लागतात, म्हणजे १०० फुटांच्या ब्रासला ४६५ च्या आसपास, वर थोडी तूटफूट धरा. पैसे गटाच्या खात्यातूनच द्या, आणि मोठा हिस्सा माल मोजून उतरवल्यावर.

गावच्या कामालाही हेच प्रश्न लागू पडतात. ग्रामसभेआधी महिलांची सभा होते. अंगणवाडीपुढं कोणत्या जाडीचा ब्लॉक अंदाजपत्रकात आहे आणि कोणता पडला, हे तिथं विचारता येतं. मोजपट्टी तर आता आपल्याकडं आहेच.

त्या गटानं शेवटी ६० चा राखाडी माल घेतला, ३९ रुपयांनी पोच. शेजारच्या गटाचं ४०० फुटांचं काम सोबत जोडलं, म्हणून तीन रुपये उतरले. गाडी आली तेव्हा सचिव वहिनी पाटावर तराजू मांडून बसल्या होत्या. ड्रायव्हर म्हणाला, ‘वहिनी, ही काय भाजी आहे का?’ वहिनींनी १० ब्लॉक तोलले, तीन कडा फुटलेले बाजूला काढले, ते बदलून द्यायचं बिलाच्या मागं लिहून घेतलं, आणि मगच बाकीची गाडी उतरवू दिली.

माल बिलाप्रमाणं नसेल आणि विक्रेता ऐकत नसेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. बिल हाताशी घेऊन फोन करा.