संसारी कस्तुरबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनी कोणातरी एका थोर स्त्रीविषयी चार शब्द बोलावेत, अशी आपल्या मंडळाची पद्धत आहे. यंदा ते काम माझ्यावर आले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे, म्हणून मी आधी नको नको म्हटले. पण आपल्या चिटणीसबाई म्हणाल्या, "पापड लाटताना तुम्ही एवढे बोलता, तेच जरा उभ्याने बोला." म्हणून उभी राहिले आहे. काही चुकले तर पदरात घ्या.

या हिवाळ्यात आपली सहल नगर रस्त्यावरच्या आगाखान पॅलेसला गेली होती, ती आपणा सर्वांना आठवत असेल. पुण्यात राहून आपल्यापैकी निम्म्याजणींनी तो पाहिला नव्हता. मागच्या बाजूला दोन समाध्या आहेत, एक महादेवभाई देसाईंची आणि शेजारी कस्तुरबांची. तिथे उभी असताना मला वाटले, महात्माजींविषयी आपण शाळेत निबंध लिहिले, पण या बाईंविषयी आपल्याला काय माहीत आहे? गांधीजींची पत्नी, एवढेच. घरी आल्यावर वाचनालयातून पुस्तके आणली आणि दुपारच्या वेळी सावकाश वाचली. त्यातले जे मनाला लागले, तेवढेच सांगते.

कस्तुरबांचा जन्म पोरबंदरचा, ११ एप्रिल १८६९चा. नवऱ्याहून त्या काही महिन्यांनी मोठ्याच होत्या. १८८३ साली लग्न झाले तेव्हा दोघेही तेराचौदा वर्षांचे. लिहिणे-वाचणे येत नव्हते. १८८५ साली पहिले मूल झाले, ते थोड्याच दिवसांत गेले. मग १८८८ साली हरिलाल झाला आणि त्याच वर्षी नवरा बॅरिस्टर होण्यासाठी विलायतेला गेला. तान्हे मूल घेऊन बा सासरी राहिल्या. पुढे मणिलाल झाला. १८९७ साली मुलांना घेऊन आफ्रिकेत दरबानला उतरल्या, तर पहिल्याच दिवशी तिथल्या गोऱ्या लोकांच्या जमावाने नवऱ्याला मारहाण केली. त्या वेळी बा गरोदर होत्या. परका मुलुख, परकी भाषा, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे कोणास ठाऊक. आपल्यापैकी ज्या लग्न होऊन गावाकडून पुण्याला आल्या, त्यांना त्या मनःस्थितीची थोडी कल्पना येईल.

आपण म्हणतो, साध्वी म्हणजे नवऱ्यापुढे ब्र न काढणारी. बा तशा नव्हत्या. १८९८ सालची गोष्ट आहे. घरात राहणाऱ्या एका कारकुनाचे लघवीचे भांडे उचलायचे होते. बांनी ते उचलले, पण डोळ्यांत पाणी आणि चेहऱ्यावर राग. गांधीजींना ते हसतमुखाने उचलायला हवे होते. शब्दाने शब्द वाढला आणि त्यांनी बांचा हात धरून त्यांना फाटकापर्यंत ओढत नेले. बांनी तिथे त्यांना सुनावले की लाज बाळगा, इथे माझे ना आई ना बाप, मी जाऊ कुठे? गांधीजी वरमले आणि फाटक लावून घेतले. ही हकिकत दुसऱ्या कोणी लिहिलेली नाही. स्वतः गांधीजींनी आपल्या आत्मचरित्रात लिहून ठेवली आहे, हा त्यांचा मोठेपणा. मात्र भांडे उचलण्यात बांचीही एक चूक होती, ती म्हणजे विटाळाची भावना. ती त्यांनी हळूहळू सोडली. आपण अजून किती सोडली आहे, ते ज्याने त्याने मनाशी पाहावे.

दुसरी गोष्ट दागिन्यांची. १९०१ साली स्वदेशी परत निघताना तिथल्या हिंदी लोकांनी भेटी दिल्या. त्यात पन्नास गिनी किमतीचा सोन्याचा हार खास बांसाठी होता. गांधीजी म्हणाले, हे सारे समाजाच्या कामाला द्यायचे. आधी त्यांनी मुलांना आपल्या बाजूला वळवले आणि मग बांपुढे विषय काढला. बांचे म्हणणे असे, की मला नकोत, पण उद्या सुना येतील त्यांना काय देऊ? आणि सेवा तुम्ही केली म्हणता, तर मी रात्रंदिवस राबले, तुम्ही आणलेल्या आल्यागेल्यांचे केले, ती सेवा नव्हे का? अखेर दागिने गेले आणि त्यांचा सार्वजनिक निधी झाला. निधीचे चांगलेच झाले. पण बांचा तो प्रश्न मात्र माझ्या मनातून जात नाही.

पत्नीपणाचा खरा कस लागला १९१३ साली. तिथल्या एका न्यायालयाच्या निकालामुळे ख्रिस्ती पद्धतीने न लागलेली लग्ने कायद्यापुढे लग्नेच उरली नाहीत. म्हणजे तीस वर्षे संसार केलेली, चार मुलगे वाढवलेली बाई कायद्याने पत्नीच नव्हे. बा सत्याग्रहाला निघाल्या. सप्टेंबरात तीन महिन्यांची सक्तमजुरी झाली. सुटून आल्या तेव्हा ओळखू येऊ नयेत इतक्या वाळल्या होत्या. आपल्या कुंकवासाठी वटसावित्रीचा उपवास आपण करतो. बांनी तुरुंगात दिवस काढले.

आता आई म्हणून. चार मुलांपैकी थोरला हरिलाल. त्याला वडिलांसारखे विलायतेला शिकायला जायचे होते, ते झाले नाही. बापलेकांत वितुष्ट आले. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत त्याची बायको गेली आणि तो पुढे व्यसनात बुडाला. त्याच्या पोरक्या लेकरांना बांनी पोटाशी धरले. त्यांतला रसिक हा नातू १९२९ साली ऐन सतराव्या वर्षी गेला. आजीच्या डोळ्यांदेखत नातू जावा, याहून वाईट काय असेल?

हरिलालची एक गोष्ट सांगतात. कटनी स्टेशनात गाडी थांबली असता तो फाटक्या कपड्यांत गर्दीतून पुढे आला आणि त्याने आईच्या हातात एक संत्रे ठेवले. वडिलांना त्याने दिले नाही. हे तुझ्यासाठी आहे, तूच खा, असे बजावले. गाडी सुटल्यावर बांच्या लक्षात आले की पोर उपाशी असेल, आपल्याजवळ फळांची टोपली होती आणि आपण त्याला काहीच दिले नाही. मैत्रिणींनो, ज्यांचा मुलगा वाट चुकला आहे, त्यांना मी अधिक सांगायला नको.

आता ज्या गोष्टीसाठी मी आज बोलायला कबूल झाले, ती सांगते.

साबरमतीच्या आश्रमात कोणी स्वतःजवळ पैसा ठेवायचा नाही, असा नियम होता. एकदा बांजवळ भेटीदाखल आलेले शंभर-दोनशे रुपये निघाले. त्यांनी चूक कबूल केली. पुढे कोणा पाहुण्यांनी चार रुपये दिले, ते कार्यालयात न देता बांनी जवळ ठेवले. ते उघडकीस आले आणि १९२९ साली गांधीजींनी आपल्या 'नवजीवन' पत्रात तो सारा प्रकार छापला. चार रुपये! साऱ्या गुजरातने वाचले असेल. नियम तो नियम, हे मला मान्य आहे. स्वतःच्या चुकाही ते असेच छापत. पण त्या सकाळी आश्रमाच्या स्वयंपाकघरात बा कशा वावरल्या असतील, याचा मी फार विचार केला.

त्याला कारण आहे. माझ्या सासूबाई गेल्या वर्षी वारल्या. पंचावन्न वर्षे संसार केला, पाच मुले वाढवली, सात नातवंडांना न्हाऊमाखू घातले. त्या गेल्यावर मी फळीवरचे डबे घासायला काढले. साबुदाण्याच्या डब्याच्या तळाशी एक पुरचुंडी निघाली. तीत पाचशेच्या नऊ नोटा होत्या, सगळ्या जुन्या. नोव्हेंबर २०१६मध्ये बंद झालेल्या. त्या वेळी आमचे यजमान घरातल्या नोटा घेऊन दोन दिवस रांगेत उभे होते. सासूबाईंनी तेव्हाही तोंड उघडले नाही. 'चोरून ठेवले होते' असे कोणी म्हणेल, या भीतीने साडेचार हजारांचा कागद होऊ दिला.

यजमान नोटा हातात घेऊन बराच वेळ बसले. मग म्हणाले, "आईने मागितले असते तर मी दिले नसते का?" मी म्हटले, "दिले असते. पण मागावे लागले असते ना."

पंचवीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतके स्पष्ट कधी बोलले नव्हते. आणि बोलताना माझा स्वतःचा डबा मला आठवत होता. माझा डबा हरभऱ्याच्या डाळीचा. खोटे कशाला सांगू, इथे बसलेल्या किती जणींचा कुठला डबा आहे, ते मी विचारत नाही. त्या पैशातून आपण स्वतःला काय घेतो? मुलीला सहलीचे पैसे, माहेरी आजारी आईला औषध, नातवाच्या बारशाला काहीतरी. सासूबाईंनी माझ्या मुलीला पहिली सायकल घेऊन दिली, ती कशी, हे मला आता कळते.

त्या रात्री मी डाळीचा डबा यजमानांपुढे उघडला. ते रागावले नाहीत. दुसऱ्या आठवड्यात आम्ही दोघे जाऊन माझ्या नावाचे खाते उघडून आलो. सही करताना माझा हात कापला. मागून रांगेतल्या एका मुलीने पेन दिले.

बांच्या शेवटच्या दिवसांविषयी सांगून संपवते. ऑगस्ट १९४२मध्ये मुंबईला त्यांना अटक होऊन आपल्या पुण्याला आगाखान पॅलेसात आणले. आठवड्याच्या आतच, १५ ऑगस्टला, मुलासारखे महादेवभाई गेले. बा त्यांच्या समाधीला देवळासारख्या नमस्कार करीत. तिथे त्या तुळशीची पूजा करीत, कॅरम आवडीने खेळत, आणि सत्तरी उलटल्यावर नवऱ्याजवळ बसून भूगोलाचा धडा घेत. धडा लक्षात राहत नसे, तरी त्या बसत. १९४४च्या फेब्रुवारीत दुखणे विकोपाला गेले. हरिलाल भेटायला आला, तो शुद्धीत नव्हता. आईने कपाळ बडवून घेतले. धाकट्या देवदासने पेनिसिलीन मिळवून आणले होते, पण आता तिला सुया टोचून त्रास नको, असे गांधीजींचे मत पडले. २२ फेब्रुवारीला, महाशिवरात्रीच्या दिवशी सायंकाळी, पतीच्या मांडीवर बांनी प्राण सोडला. गांधीजींच्या हातच्या सुताची साडी नेसवून दुसऱ्या दिवशी तिथेच अग्नी दिला. वृद्ध गांधीजी चितेपाशी तासन्‌तास बसून होते. साठाहून अधिक वर्षांची सोबत होती.

त्यांच्या नावाने पुढे देशभर निधी जमला आणि खेड्यातल्या बायकामुलांसाठी न्यास निघाला. ज्या बाईला चार रुपये जवळ ठेवता आले नाहीत, तिच्या नावाने ही रक्कम उभी राहिली.

बांनी नवऱ्यावर निष्ठा ठेवली, पण पटले नाही तेथे बोलून दाखवले. त्यांची थोरवी मला यातच दिसते. त्यांची ती बोलण्याची हिंमत माझ्या सासूबाईंना मिळाली असती, तर त्या नऊ नोटा वाया गेल्या नसत्या. त्या नोटा मी फेकल्या नाहीत. देवघराच्या खणात ठेवल्या आहेत.

मंडळाने या वर्षी भिशीबरोबर प्रत्येक सभासदाच्या नावाचे बचतखाते काढून देण्याचे काम हाती घ्यावे, अशी माझी नम्र सूचना आहे. फॉर्म भरायला मी येईन. सातवीपर्यंतचे शिक्षण तेवढ्याला पुरते.