नाण्यावरचा आशीर्वाद



नवी नवरी पाया पडायला वाकली, की आपल्याकडच्या जुन्या बायकांच्या तोंडून सहज निघायचं, 'अष्टपुत्रा सौभाग्यवती भव!' आशीर्वादच तो. पण कान देऊन ऐकलं, तर त्यात मागणीही असते. रोमन साम्राज्यात असले आशीर्वाद चक्क नाण्यांवर छापत.

चांदीचं नाणं म्हणजे डिनॅरियस. आपल्या संस्कृतातला 'दीनार' त्याच्यावरूनच आला. सम्राज्ञीच्या नाण्याच्या एका बाजूला तिचा चेहरा. उलटून पाहावं, तर एखादा गुण बाईच्या रूपात उभा. पुडिकिटिया म्हणजे शालीनता. ती चेहऱ्याजवळचा पदर सावरते आहे. फेकुंदितास म्हणजे भरलेली कूस; तिच्या हातांवर मुलं, पायांशी मुलं.

सम्राट मार्कस ऑरेलियसची राणी धाकटी फाउस्टिना. तिला किमान बारा मुलं झाली. इ. स. 161 मध्ये जुळे मुलगे जन्मले, तेव्हा टांकसाळीनं सिंहासनावर दोन बाळं बसवली आणि लिहिलं, 'युगाचं सौख्य'. त्यातलं एक चौथ्या वर्षीच गेलं. दुसरं जगलं, ते कोमोडस. आणि त्याच्या राज्यात रोमला सौख्य काही लाभलं नाही.

पण मला खरा चटका लावते ती प्लाउटिला. 202 साली सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या मुलाशी, कॅराकॅलाशी तिचं लग्न झालं. तिचा बाप प्लाउटियानस सम्राटाच्या रक्षकदलाचा प्रमुख. त्यानं दिलेला हुंडा पन्नास राजकन्यांना पुरला असता, असं इतिहासकार कॅसियस डिओ सांगतो. नाण्यांवर नवराबायको हातात हात घेऊन उभे. कुठे अक्षरं 'साम्राज्याचा वंशविस्तार', कुठे 'चिरंतन सलोखा'. नवऱ्याला ती डोळ्यांसमोर नको होती. सलोखा तीन वर्षंही टिकला नाही. 205 मध्ये बापाला ठार केलं, तिला लिपारी बेटावर धाडलं आणि पुढे कॅराकॅलाच्या हाती सत्ता येताच तिलाही संपवलं.

रोममध्ये सराफांनी आणि गुरांच्या व्यापाऱ्यांनी 204 साली उभारलेली एक कमान आजही आहे. तिच्यावर कॅराकॅला उभा आहे. शेजारची प्लाउटिला छिन्नीनं तासून काढलेली. दगड एका जागी होता, म्हणून ते जमलं. नाणी मात्र तोवर सराफांच्या गल्ल्यांतून, शिपायांच्या कमरेच्या पिशव्यांतून दूरदूर पोचली होती. त्यांच्यावर त्यानं अजून तिचा हात धरलेला आहे.