कार्बनचा डबा आणि विजेचा गोंगाट

जून 2024 मध्ये चीनमधल्या चिंगदाओ शहरात कार्बन फायबरची मेट्रो सादर झाली. निर्मात्यांच्या मते तिच्या डब्याचे वजन नेहमीपेक्षा 25 टक्क्यांनी कमी आहे. वजन घटले की वीज वाचते, हे खरेच. पण धातूचा डबा आणखी एक काम मुकाट्याने करत असतो, ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही.

गाडीखालचे इन्व्हर्टर मोटारींना वीज पुरवताना ती सेकंदाला शेकडो, हजारो वेळा चालू-बंद करतात. छतावर, वरच्या तारेतून वीज घेणाऱ्या पेंटोग्राफपाशी ठिणगी उडते. यातून उठणाऱ्या विद्युतचुंबकीय लहरी सिग्नल यंत्रणेत, रेडिओ संपर्कात व्यत्यय आणू शकतात. ॲल्युमिनियमचा डबा त्यांना बऱ्याच अंशी अडवतो.

कार्बनचे तंतूही वीज वाहून नेतात, पण ॲल्युमिनियमपेक्षा साधारण हजारपटीने कमी. शिवाय त्यांना बांधून ठेवणारे रेझीन विद्युतरोधक असते. त्यामुळे उच्च वारंवारतेच्या लहरी बऱ्यापैकी अडतात, कमी वारंवारतेची चुंबकीय क्षेत्रे मात्र जवळजवळ सरळ आरपार जातात. खरी अडचण इथेच आहे.

उपाय म्हणून कार्बनच्या थरांमध्ये तांब्याची बारीक जाळी बसवतात किंवा तंतूंवर निकेलचा मुलामा देतात. ॲल्युमिनियमची जाळी स्वस्त आणि हलकी, पण कार्बनला चिकटून ओलावा लागला की ती गंजते; मध्ये काचतंतूचा थर घालावा लागतो. आणि माझ्या मते सगळ्यात जास्त काळजी सांध्यांची घ्यायला हवी. दोन पॅनेलमधल्या जाळ्या विजेच्या दृष्टीने नीट जोडल्या नाहीत, तर त्या फटीतूनच लहरी निसटतात.