मोटारीची तेलाची भूक

मोटार पेट्रोल पिते हें आपण गृहीत धरतों. पण ती इंजिनचें ऑईलही पिऊं लागली म्हणजे घरधन्याची झोप उडते. शिरपूर जैन येथें मजजवळ एक जुनी पेट्रोलची गाडी आहे. पत्नीस औषधोपचारासाठीं अकोल्यास न्यावयाचें तें तिच्यांतूनच. गेल्या वर्षीं या गाडीस दर हजार किलोमीटरला सुमारें एक लिटर ऑईल लागूं लागलें. एका मिस्त्रीनें सायलेन्सरकडे नुसती नजर टाकून निकाल दिला, "गुरुजी, रिंगा-पिस्टन गेले, इंजिन उघडावें लागेल." खर्च दोन महिन्यांच्या निवृत्तिवेतनाएवढा!

मुलाचें गणित चुकलें कीं उत्तरावर फुली मारण्यापूर्वीं मी कोणती पायरी चुकली तें शोधीत असें. येथेंही तेंच केलें.

ऑईल जाण्याच्या वाटा दोन: तें बाहेर गळतें, नाहीं तर आंत जळतें. रात्रीं गाडीखालीं पुठ्ठा पसरला. सकाळीं त्यावर एकच थेंब, तोही टॅपेट कव्हरच्या पॅकिंगमधला. म्हणजे ऑईल जळत होतें. काळा धूर जादा पेट्रोलचा, निळसर धूर ऑईलचा, हें पुष्कळांस ठाऊक असतें. पण निळा धूर केव्हां येतो, यांत खरी मेख आहे. चढावर जोर देतांना तो सतत येत असेल तर रिंगा झिजल्याचा संभव. रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करतांच एक लोट येऊन थांबत असेल, तर व्हॉल्व्हच्या सीलांवर संशय घ्यावा. अकोल्यास जातांना आम्ही पातूरचा घाट उतरतों. उतारावर ॲक्सिलरेटरवरून पाय काढला कीं इंजिनांत ओढ वाढते, आणि कडक झालेल्या रबरी सीलांतून ऑईल आंत शोषलें जातें. नातवाला मागल्या कांचेशीं बसविलें होतें. घाट संपून ॲक्सिलरेटर दाबतांच तो ओरडला, "आजोबा, निळा ढग!"

मग एका जुन्या मिस्त्रीकडून कॉम्प्रेशन मोजून घेतलें. दाब ठीक भरला. प्लगच्या छिद्रांतून चमचाभर ऑईल घालून पुन्हां मोजला. फारसा वाढला नाहीं. रिंगा झिजल्या असत्या तर ऑईलनें फटी बुजून तो चांगलाच वाढता. अर्थात् दाब ठीक असूनही खालची ऑईल-रिंग काजळीनें चिकटलेली असूं शकते. म्हणून ही एकच साक्ष पुरेशी नव्हे. आमच्या बाजूस घाटाचीही साक्ष होती. शिवाय इंजिनांतील वाफ परत नेणारी पीसीव्ही व्हॉल्व्ह नांवाची लहानशी झडप तुंबलेली सांपडली. ती बदलली. सिलिंडरमध्यें हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरले आणि हेड न उतरवितां सील बदलले. पहिल्या मिस्त्रीच्या आंकड्याच्या दहाव्या हिश्शांत सर्व भागलें. दाट ऑईल घालून धूर दडविण्याचा सल्लाही मिळाला होता, तो मीं मानला नाहीं. ऑईलची जात गाडीच्या पुस्तिकेंत दिलेली असते.

डिपस्टिक मात्र मी दर रविवारीं पाहतों: गाडी सपाट जागीं, इंजिन बंद करून दहा मिनिटांनीं. वरच्या खुणेपलीकडे ऑईल भरीत नाहीं, कारण जादा ऑईलही जळतें. आतां तीन हजार किलोमीटरला अर्धा लिटर लागतें. आंकडा वहींत लिहिला आहे. सोमवारीं पुन्हां अकोल्यास जावयाचें आहे.