जिन्याखालची फटफटी

'फटफटी' हा शब्द आतां फारसा कानीं पडत नाहीं. परंतु आमच्या शेजारच्या काकूंच्या जिन्याखालीं बारा वर्षें उभी असलेली ती बुलेट पाहिली कीं मला दुसरा शब्द सुचत नाहीं. १९७१ सालची, मद्रासेच्या कारखान्यांतली. काकूंच्या यजमानांनीं तिच्यावरून सारें कोंकण पालथें घातलें होतें. ते गेले आणि गाडी जागच्या जागीं राहिली. गेल्या वर्षीं एका भंगारवाल्यानें तिची वजनावर किंमत केली, तेव्हां काकू मला म्हणाल्या, "खरी किंमत तुम्हीच सांगा. लोखंडाच्या भावानें ती माझ्यानें देववणार नाहीं."

अशा वेळीं पहिला मोह होतो तो पेट्रोल ओतून किक मारण्याचा. हा अपराध मीं स्वतः केलेला आहे. वडिलांची गाडी सात वर्षांनीं बाहेर काढली आणि उत्साहाच्या भरांत लाथांवर लाथा हाणल्या. गंजानें धरलेली पिस्टनची रिंग मोडली व सिलिंडरला चरे पडले.

म्हणून काकूंच्या गाडीचा प्रथम प्लग काढला, भोकांतून चार चमचे तेल सोडलें आणि घरीं जाऊन निजलों. दुसऱ्या दिवशीं ती वरच्या गियरांत टाकून मागलें चाक हातानें फिरवून पाहिलें. हालेना. पुन्हा तेल, पुन्हा रात्र. तिसऱ्या दिवशीं चाक बोटभर सरकलें. काकू दारांत उभ्या होत्या. कांहीं बोलल्या नाहींत. पिस्टन मोकळा आहे एवढें कळलें, आणि किंमतीचा निम्मा प्रश्न तेथेंच सुटला.

या बुलेटची एक खोड सांगितलीच पाहिजे. हिच्या तेलाची टांकी इंजिनाच्या कवचांतच असते. गाडी फार दिवस उभी राहिली कीं तेल झिरपून क्रँकच्या कोठडींत सांचतें. मोजण्याच्या काडीवर तें कमी दिसतें, मालक आणखी ओततो, आणि गाडी सुरू होतांच हवेच्या नळीवाटे तें अंगणभर उडतें! तळाचें बूच काढून सारें जुनें तेल वाहूं द्यावें, हें बरें. कार्बुरेटरांत पेट्रोल वाळून राळ झालेली असते. जेट धुवावें, तारेनें टोंचूं नये, भोंक मोठें होतें. आजच्या पेट्रोलांत इथेनॉल असल्यानें जुन्या रबरी नळ्याही बदलल्या. टायरांची नक्षी शाबूत होती, पण कडेवरचे चार आंकडे ०९०८ होते. म्हणजे २००८ सालचा नववा आठवडा. ते टाकून दिले.

उरला प्रश्न कागदांचा, आणि किंमत खरी तेथेंच ठरते. इंजिनावरील व सांगाड्यावरील क्रमांक नोंदणी-पुस्तकाशीं जुळले. नोंदणी मात्र कधींच संपलेली, आणि यजमानांच्याच नांवावर. २०२१ च्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांवरील, मूळ स्वरूपांत राहिलेल्या गाडीस 'विंटेज' नोंदणी मिळूं शकते. मात्र अशी गाडी नेहमींच्या वापरास रस्त्यावर आणतां येत नाहीं. संग्राहकाला तें चालतें. कोंकणांत जाणाऱ्याला चालत नाहीं.

नवव्या किकेला गाडी बोलली. मीं आंकडा सांगितला; तो भंगारवाल्याच्या कितीतरी पट होता. काकूंनीं तो ऐकून घेतला आणि म्हणाल्या, "विकायची, पण चालविणाऱ्यालाच. ती शोभेला ठेवायची नाहीं." तेव्हां नेहमींचीच नोंदणी नवी करून घ्यावयाची, आणि ती आधीं काकूंच्या नांवावर. येत्या सोमवारीं आम्ही दोघें त्यासाठीं परिवहन कचेरींत जाणार आहोंत.