बाळाचा फोटो आणि खिडकीचा उजेड



आमच्या रोह्याच्या घरात माजघराच्या भिंतीवर आजोबांची तसबीर आहे, आजीची आहे, पण माझ्या थोरल्या बहिणीची नाही. अकरा महिन्यांची होऊन १९६१ साली ती गेली. मी तिच्या पाठचा. आपल्या जिल्ह्याला तेव्हा कुलाबा म्हणत. रायगड हे नाव १९८१ पासूनचे. फोटो काढायचा म्हणजे मुद्दाम स्टुडिओत जायचे, आणि तान्ह्या मुलाला फोटोवाल्यापुढे बसवले की दृष्ट लागते अशी घरच्या वडीलधाऱ्यांची समजूत. राहून गेले. पुढे कधी तांदूळ निवडताना आई मध्येच थांबायची आणि म्हणायची, “कपाळ रुंद होते हो तिचे. हसली की डाव्या गालाला खळी पडायची.” आम्ही ऐकत असू, पण डोळ्यांपुढे चेहरा काही उभा राहत नसे.

तेव्हा तान्ह्या मुलांचा फोटो हा माझ्या लेखी नुसत्या हौसेचा विषय नाही. आज खेडोपाडी मोबाइल पोचला आहे. एकेका बाळाचे शंभर-शंभर फोटो निघतात, आणि त्यांतल्या एकातही बाळाचा चेहरा सापडत नाही! कुठे तो पांढराफटक पडलेला, कुठे अर्धा काळोखात. दोष यंत्राचा नसतो, उजेडाचा असतो.

माझीच फजिती सांगतो. भाचीच्या बारशाला मी मोठ्या ऐटीत कॅमेरा घेऊन गेलो आणि पाळण्यावर वाकून फ्लॅश उडवला. पोर दचकून जे रडायला लागले ते घुगऱ्या वाटून झाल्या तरी थांबेना. फोटो धुऊन आला तेव्हा पाहतो तो काय, नाक नाही, गाल नाही. पोळपाटासारखा सपाट चेहरा, मागे भिंतीवर काळी सावली.

याचे उत्तर मला पेणला मिळाले. तिथे मी शिक्षक होतो. पेण आणि जवळची हमरापूर, जोहे ही गावे गणपतीच्या मूर्तींसाठी प्रसिद्ध आहेत, हे आपण जाणताच. एका कारखान्यात डोळ्यांची आखणी करणारे एक वृद्ध कारागीर दाराशी बसून काम करीत. मी विचारले, “अण्णा, आत दिवा आहे की, मग दारात का?” त्यांनी रंग न दिलेली शाडूची मूर्ती हातात घेतली आणि तिचे तोंड सरळ दाराकडे केले. गाल सपाट दिसू लागले. मग मूर्ती जराशी वळवली. उजेड एका कडेने आला, आणि गालाची गोलाई, नाकाची धार, ओठांची कड, सारे जिवंत झाले. “गुरुजी,” ते म्हणाले, “समोरचा उजेड गाल पुसून टाकतो. कडेचा उजेड गाल घडवतो.” त्या एका वाक्यात माझे शिक्षण झाले.

आता हे घरी कसे करायचे ते पाहू. ज्या खिडकीतून ऊन आत येत नाही, पण आकाश दिसते, अशी खिडकी निवडा. जुन्या काळी फोटोचे स्टुडिओ उत्तरेकडे काचा ठेवून बांधीत, ते याचसाठी. आपल्याकडे मात्र एक ध्यानात ठेवा. मेच्या मध्यापासून जुलैच्या अखेरीपर्यंत सूर्य भर दुपारीही आपल्या डोक्यावरून किंचित उत्तरेला असतो. त्या दिवसांत उत्तरेच्या खिडकीलाही ऊन चाटून जाते. ऊन आलेच तर खिडकीला पांढरे पातळ धोतर लावा. आणि पावसाळ्याचे ढग म्हणजे तर देवाने आभाळभर ताणलेले धोतरच! आषाढातल्या ढगाळ सकाळी खिडकीत जो मऊ उजेड येतो, तो विकत मिळत नाही.

खोलीतला दिवा मालवा; दोन रंगांचे उजेड मिसळले की बाळाची कांती पिवळट किंवा निळसर दिसते. जमिनीवर खिडकीपासून दोन-तीन हातांवर साधी गोधडी अंथरा. खिडकी जितकी जवळ, तितका उजेड मऊ. लांब गेलात तर तो मंदही होतो आणि कडकही. बाळाचे डोके खिडकीच्या बाजूला, जरा तिरपे ठेवा, म्हणजे उजेड कपाळावरून हनुवटीकडे उतरेल. पाय खिडकीकडे केलेत तर उजेड खालून येतो आणि गोजिरवाणे मूलही भेसूर दिसते. दुसऱ्या बाजूला सावली फार गडद वाटली, तर तिकडे कोणाला तरी स्वच्छ पांढरा पंचा धरून बसायला सांगा. त्यावरून परतलेला उजेड सावली हलकी करतो. झाले! एवढेच आपले सामान.

बाळ पोटभर प्यालेले, निजून उठलेले असावे. अगदी तान्ह्या मुलाला वीतभर किंवा त्याहून थोडे अधिक, एवढ्याच अंतरावरचे स्पष्ट दिसते. म्हणून आईने तोंड जवळ नेऊन बोलावे, आणि फोटो काढणाऱ्याने बाळाच्या पातळीवर खाली बसावे. मोबाइलची काच आधी धोतराच्या सोग्याने पुसा. तिच्यावर नेहमी तेलाचा बोट लागलेला असतो.

काही गोष्टी मात्र करू नका. बाळाला टेबलावर किंवा खिडकीच्या कट्ट्यावर क्षणभरही ठेवू नका. फोटोसाठी उघडे करून वाऱ्यात निजवू नका. हनुवटीखाली हात घेऊन बसलेल्या नवजात बाळांची चित्रे आपण पाहतो. तशी चित्रे पुष्कळदा दोन-तीन फोटो जोडून केलेली असतात, आणि त्या वेळी कोणीतरी बाळाचे डोके धरलेले असते. घरी ती नक्कल नको. काजळ डोळ्यांत घालू नये असे डॉक्टर सांगतात, तेही ऐकावे.

फ्लॅशबद्दलही एक सांगतो. फ्लॅशने डोळे जातात, ही भीती खरी नाही. फ्लॅशच्या फोटोत बाहुल्या लाल दिसतात, त्याचेही भय नाही. पण एखाद्या बाहुलीत पांढरट चमक पुन्हा पुन्हा दिसली, तर फोटोचा दोष म्हणून सोडून देऊ नका, लगेच डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. तो लहानपणचा मोतीबिंदू असू शकतो, क्वचित डोळ्यातली गाठही असते. वेळेवर कळले तर मूल वाचते.

शिक्षक मित्रांनो, हा धडा वर्गातही घेता येईल. एक अंडे किंवा मातीचा गोळा खिडकीशी ठेवा, वळवून पाहा, मुलांना सावली काढायला सांगा. त्यांना ज्युलिया मार्गारेट कॅमेरॉन या बाईंची गोष्टही सांगा. १८१५ साली कोलकात्यात जन्मलेल्या या बाईंना १८६३ साली, अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मुलीने कॅमेरा भेट दिला. इंग्लंडात कोंबड्यांसाठी बांधलेल्या काचेच्या खोपटाचा त्यांनी स्टुडिओ केला आणि तिथल्या उजेडात मुलांचे फोटो काढले. एकेका फोटोला काही मिनिटे लागत! आज आपल्याला निमिषही लागत नाही. उणीव आहे ती थांबून पाहण्याची.

शेवटचे सांगणे. चांगल्या आलेल्या फोटोंपैकी दोन तरी कागदावर छापून घ्या. मोबाइल विहिरीत पडतो, बिघडतो, चोरीला जातो. २००५ आणि २०२१ चे पूरही आपल्या जिल्ह्याने पाहिले आहेत. म्हणून एक प्रत आपल्या घरी आणि दुसरी बाळाच्या आजोळी ठेवावी.

आई जाण्याआधीच्या पावसाळ्यात माझ्या नातीचा फोटो मी रोह्याच्या त्याच माजघराच्या खिडकीशी काढला आणि छापून आईच्या हातात दिला. तिने तो खिडकीकडे नेला, बराच वेळ पाहिला, मग कपाळावरून बोट फिरवीत म्हणाली, “असेच होते.” पुढे काही बोलली नाही. मी त्या फोटोकडे पुन्हा पाहिले, आणि बहिणीचा चेहरा पहिल्यांदाच थोडासा माझ्या डोळ्यांपुढे आला.

तुमच्या घरी तान्हे मूल असेल, तर उद्या सकाळी खिडकी उघडा.