वरातीच्या घोडीचा विसरलेला रोग

भोपाळमध्ये इंद्रपुरीहून रायसेन रोडने पुढे गेलं की आनंदनगरला प्राण्यांच्या घातक रोगांवरची राष्ट्रीय प्रयोगशाळा लागते. बर्ड फ्लूच्या बातम्यांमुळे ती ठाऊक असते. वरातीच्या घोडीला होऊ शकणारा डौरीन मात्र कुणाच्या गावीही नसतो.

हा एका परजीवीमुळे होणारा लैंगिक आजार. त्याच कुळातला सर्रा हा रोग माश्या चावून पसरतो. डौरीनला माशी लागत नाही, घोडा-घोडीचा संग पुरतो. आधी जननेंद्रियावर सूज, स्राव. मग कातडीवर रुपयाएवढ्या गांधी. पुढे मागचे पाय लटपटतात आणि चारा खाऊनही जनावर खंगत जातं. गाढवं मात्र वरून धडधाकट दिसतात आणि रोग वाहतात, ही खरी गोची! लस नाही. रक्तात परजीवी सहसा सापडतही नाही, म्हणून प्रतिद्रव्यं तपासावी लागतात, आणि तिथेही सर्राशी गल्लत होते.

इंग्रजांना घोडदळाची काळजी असणारच. १९१० मध्ये या एकाच रोगासाठी स्वतंत्र कायदा झाला. तो २००९ च्या पशुरोग कायद्याने रद्द केला, पण डौरीन नव्या यादीतही आहे. तेव्हा घोडी घोड्याला दाखवण्याआधी दोघांचीही पशुवैद्याकडून तपासणी करून घ्या. घोड्यांच्या आजारांवरचं राष्ट्रीय संशोधन केंद्र हरियाणात, हिसारला आहे.